सिलॅबस तोच, उदाहरण वेगळं: रोजच्या लेक्चरमध्ये विद्यार्थ्यांच्या आरोग्याचे विषय कसे आणायचे

बहुतेक कॉलेजांत ‘स्टुडंट वेलनेस’ म्हणजे काय असतं ते आपल्याला माहितीये. वरून सर्क्युलर येतं, शनिवारी सेमिनार हॉल बुक होतो, फ्लेक्स लागतो, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, एफवायच्या पोरांना हजेरीचा धाक दाखवून खुर्च्या भरायच्या, तणावमुक्त कसं राहावं यावर तासभर व्याख्यान, फोटो, अहवाल, आणि नॅकच्या (कॉलेजला श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या) फाइलमध्ये एक पान वाढलं. सोमवारी तीच पोरं तांबारलेले डोळे घेऊन आपल्यासमोर बसलेली असतात आणि आपण मीन-मेडियन-मोड सुरू करतो. मीही हेच केलंय, दोन वेळा तर सूत्रसंचालनच माझ्याकडे होतं.

मी तालुक्याच्या ठिकाणी बीएस्सीला स्टॅट शिकवते. आधी पाच वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, आता कायम. हे सांगायचं कारण म्हणजे खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं मी सीएचबीवर असतानाच सुरू केलं होतं, त्यामुळे ‘आमच्या हातात काही नसतं हो’ हे थोडं बाजूला ठेवून वाचा.

वेगळ्या पद्धतीनेही हे करता येतं ते मला अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाबद्दल वाचताना कळलं. तिथे २००५ पासून एंगलहार्ड प्रोजेक्ट नावाचा प्रकार चालू आहे. त्यात वेलनेसचा वेगळा तास नसतोच. शिक्षक आपल्याच कोर्समधली अशी जागा शोधतो जिथे झोप, दारू, नैराश्य, खाणंपिणं असं काहीतरी विषयाला चिकटून येतं, त्यावर थोडं वाचन देतो, कॅम्पसवरच्या आरोग्य विभागातलं कुणीतरी एखाद्या तासाला येऊन चर्चेत बसतं आणि मुलं स्वतःशी जोडून थोडं लिहितात. बस. आता आपल्याकडे कॅम्पसवरचा आरोग्य विभाग म्हणजे जिमखान्यातली फर्स्ट एडची पेटी, तेव्हा जसंच्या तसं उचलून चालत नाही, पण सांगाडा कामाचा आहे.

आणि गरज आहे का, तर एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) आकड्यांत २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्यात, त्यातल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, राज्यांच्या यादीत पहिला नंबर आपला. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने मार्गदर्शक सूचना दिल्या त्यात १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र काउन्सेलर, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर हवा असं आहे. तुमच्या कॉलेजात आहे का ते बघा. नसेल तर पायरी ३ नीट वाचा.

पायरी १: आपलाच सिलॅबस काढा आणि उदाहरणाच्या जागा शोधा

कागदावर युनिट लिहा. प्रत्येकासमोर लिहा की सध्या आपण कुठलं उदाहरण देतो. माझ्या यादीत नाणं, फासा, पिशवीतले लाल-निळे चेंडू आणि कारखान्यातले खराब बोल्ट होते, वर्षानुवर्षं तेच. या जागा रिकाम्याच आहेत असं समजा, कारण चेंडूंवर कुणाचा जीव नाही.

आता त्या जागी मुलांच्या आयुष्यातलं काय बसेल ते बघायचं. कसोटी एकच: ते उदाहरण काढून टाकलं तर तुमचा विषय शिकवायला अडतंय का? अडत नसेल तर तुम्ही भिंतीवर पोस्टर चिकटवलंय, बाकी काही नाही. थर्मोडायनॅमिक्सच्या शेवटी ‘आणि मुलांनो, वेळेवर जेवत जा’ म्हणणं म्हणजे पोस्टर.

आमच्याकडे जमलेली काही उदाहरणं सांगते. नॉर्मल डिस्ट्रिब्युशन आणि प्रपोर्शनची टेस्ट यासाठी अ‍ॅनिमिया. एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया आहे, गरोदर नसलेल्या बाईसाठी हिमोग्लोबिनची सीमा डेसिलिटरमागे १२ ग्रॅम, आणि त्याआधीच्या पाहणीत हाच आकडा ४८ टक्के होता, तर हा फरक योगायोग म्हणता येईल का? वर्गातल्या अर्ध्याअधिक मुली आपोआप सरळ बसतात. केमिस्ट्रीवाले यालाच जोडून जेवणाबरोबरचा चहा घेतात, टॅनिन लोहाला धरून ठेवतं ते. एक्स्पेक्टेड व्हॅल्यू शिकवताना मी फाशाऐवजी पैसे लावायचे मोबाइल गेम घेते. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने त्यावर बंदी आली खरी, पण हिशेब तोच आहे: कंपनी प्रत्येक डावात आपला वाटा कापणार, म्हणजे बाकी काहीही असो, सगळ्या खेळणाऱ्यांची मिळून सरासरी मायनसमध्येच. हे फळ्यावर मांडलं की मागच्या बाकावर एकदम शांतता होते, आणि ती कसली शांतता ते मी विचारत नाही. इकॉनॉमिक्सला लोन अ‍ॅपचा खरा व्याजदर काढणं, कॉम्प्युटर सायन्सला नोटिफिकेशन आणि न संपणाऱ्या स्क्रोलचं डिझाइन. मराठीच्या मॅडम म्हणाल्या आमच्याकडे तर कादंबरीत सगळं आधीपासूनच आहे, आम्ही फक्त परीक्षेच्या प्रश्नात ते मारून टाकतो.

सगळ्यात देखणं उदाहरण मात्र आमच्या केमिस्ट्रीच्या सरांचं, कायनेटिक्समधलं, म्हणजे रिअ‍ॅक्शनच्या वेगाच्या युनिटमधलं. ते जरा सविस्तर देते कारण यात वेलनेस आणि विषय असे दोन तुकडे करूनच दाखवता येत नाहीत. फर्स्ट ऑर्डर रिअ‍ॅक्शनसाठी (जितकं उरलंय त्या प्रमाणात कमी होत जाणारी) ते कॅफीन घेतात. शरीरातल्या कॅफीनचा अर्धायुकाल साधारण ५ तास, माणसागणिक कमीजास्त. समजा संध्याकाळी ७ ला अभ्यासाला बसताना ८० मिलिग्रॅम पोटात गेलं, तर रात्री १२ ला ४० उरलं आणि पहाटे ५ ला, म्हणजे बसला निघायच्या वेळी, अजून २० आहेच. रेट कॉन्स्टंट काढा, ०.६९३ भागिले ५, ग्राफ काढा. मग झिरो ऑर्डरसाठी (कितीही उरलेलं असो, वेग तोच) दारू. नेहमीच्या पातळीला अल्कोहोल जवळपास ठरावीक वेगाने उतरतं, सरासरी ताशी १०० मिलिलिटर रक्तामागे १५ मिलिग्रॅम. गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ३०. कुणाचं ९० वर असेल तर ३० वर यायला ४ तास, शून्यावर यायला ६. पहिला ग्राफ वक्र, दुसरा सरळ रेष. मग सर विचारतात, लिंबूपाणी प्यायलं, थंड पाण्याने आंघोळ केली, तर या रेषेचा उतार बदलेल का? पोरं हसतात, पण उत्तर लिहावंच लागतं, मार्क आहेत त्याला. सर दारूबद्दल एक शब्द उपदेशाचा बोलत नाहीत.

सुरुवातीला एकच युनिट घ्या. मी उत्साहात पहिल्या वर्षी चार घेतली आणि जानेवारीत एक्स्ट्रा लेक्चर घेत बसले.

पायरी २: काय वर्गात आणायचं नाही, ते आधी ठरवा

तिसऱ्या वर्षी मला वाटलं आता आपल्याला जमतंय, आणि मी माती खाल्ली. डेटा कलेक्शनच्या युनिटसाठी मी पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली गूगल फॉर्मवर टाकून एसवायच्या वर्गाकडून भरून घेतली. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७, कशी छान स्केल, फुकट मिळते, सगळीकडे वापरतात. नाव नाही, ईमेल नाही, खासगीपणा जपायचा म्हणून. रात्री जेवणं झाल्यावर एक्सेल उघडून बसले, बेरजा लावल्या, मग कॉलम एकेक बघत नवव्यावर आले. नववा प्रश्न मरण आलं तर बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, हा आहे. एका ओळीत तिथे ३ होतं. म्हणजे जवळजवळ रोज.

कोण ते कळायला मार्ग नाही. मीच तो बंद केला होता. आणि ईमेल घेतले असते तरी मी त्या पोराला रात्री अकराला काय म्हणून फोन करणार होते, ‘तुझं उत्तर गुप्त राहील’ असं वर लिहून? दुसऱ्या दिवशी वर्गात गेले, ४६ चेहरे, सगळे नेहमीसारखे. हेल्पलाइनचा नंबर फळ्यावर लिहिला, जे बोलता येईल ते सगळ्यांना मिळून बोलले, आवाज नीट लागत नव्हता. ते कोण होतं मला आजही माहीत नाही. ती बॅच टीवाय होऊन बाहेर पडली, सगळेच्या सगळे, एवढं मी निकालाच्या यादीवरून बोट फिरवून बघितलं.

तेव्हापासूनचा नियम: ज्या उत्तराला आपण त्याच दिवशी नीट प्रतिसाद देऊ शकत नाही तो प्रश्न वर्गात विचारायचा नाही. मानसिक आरोग्याची कुठलीही प्रश्नावली भरून घ्यायची नाही. वजन-उंची सगळ्यांसमोर मोजायची नाही, बीएमआय तर अजिबात नको. घरात कोण पितं, हे नको. हिमोग्लोबिनसुद्धा वर्गाचं नाही, पाहणीतलं वापरायचं.

त्याच पीएचक्यू-९ चा उपयोग मी आता बेज थिअरमला (टेस्ट पॉझिटिव्ह आली तर खरंच आजार असण्याची शक्यता किती, ते काढायला) करते, प्रश्नावली न भरता. २००१ च्या मूळ अभ्यासात १० किंवा जास्त स्कोअरला सेन्सिटिव्हिटी (नैराश्य असलेल्यांपैकी किती पकडले जातात) ८८ टक्के, स्पेसिफिसिटीही (नसलेल्यांपैकी किती निगेटिव्ह येतात) ८८. समजा १,००० मुलं, त्यात ५० जणांना खरंच नैराश्य आहे. त्या ५० पैकी ४४ पकडले जातील. उरलेल्या ९५० पैकी १२ टक्के, म्हणजे ११४ जण उगाच पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह १५८, त्यात खरे ४४, म्हणजे २८ टक्क्यांच्या आसपास. इन्स्टावर क्विझ सोडवून ‘मला डिप्रेशन आहे’ ठरवणाऱ्याला हे गणित लागू, आणि ‘स्कोअर आला म्हणजे वेडा’ म्हणणाऱ्यालाही. सुटलेल्या ६ जणांबद्दल कुणीतरी विचारतंच, तो प्रश्न येईपर्यंत मी पुढे जात नाही.

पायरी ३: माणूस शोधा, पण भाषणाला बोलावू नका

कॉलेजात काउन्सेलर असेल तर सोपं. नसेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते, त्यात सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर असतात, प्रिन्सिपलच्या सहीचं पत्र घेऊन स्वतः जाऊन या, ईमेलवर बसू नका. मोठ्या शहरात पर्याय जास्त, ठाण्याची मानसिक आरोग्यावर काम करणारी आयपीएच किंवा व्यसनासाठी पुण्याचं मुक्तांगण ही नावं तुम्हाला माहीत असतील.

येणाऱ्या माणसाला आधीच स्पष्ट सांगा: तुम्हाला २० मिनिटं आहेत, स्टेज नाही, माइक नाही, सत्कार नाही, मुलांनी स्वतःचे ग्राफ काढलेले असतील त्यावर तुम्ही बोलायचं. हे ऐकून काही जण नाराज होतात. जे होत नाहीत ते कामाचे.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर स्वतः एकदा लावून बघा. चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आपण कधीच न लावलेला नंबर मुलांना देणं बरं नाही, फोन लावल्यावर आधी कुठलं बटण दाबायचं एवढं तरी सांगता यायला हवं.

पायरी ४: प्रत्यक्ष युनिट, माझं झोपेचं

विषय डिस्क्रिप्टिव्ह स्टॅटिस्टिक्स, तीन लेक्चर आणि एक प्रॅक्टिकल. पहिल्या लेक्चरला सात दिवसांची झोपेची डायरी देते. कॉलम पाच: आडवं झाल्याची वेळ, झोप लागल्याची अंदाजे वेळ, उठल्याची वेळ, कशामुळे उठलात, दुपारची डुलकी. नावाऐवजी ज्याने त्याने निवडलेला कोड. ज्याला स्वतःची डायरी द्यायची नाही त्याने बाजार समितीतले सात दिवसांचे कांद्याचे भाव आणायचे, कारण विचारलं जाणार नाही आणि मार्क तेवढेच. हा पर्याय खरा हवा, तोंडदेखला नको. दरवर्षी चार-पाच जण कांदा निवडतात आणि त्यांचे ग्राफ चांगले असतात.

दुसऱ्या लेक्चरला डेटा एक्सेलमध्ये आणि तिथे आयता सापळा तयार असतो. एकजण २३.३० ला झोपला, दुसरा ००.३० ला. सरासरी? एक्सेल सांगतं दुपारचे बारा. वर्ग फुटतो हसून. मग वेळ कुठून मोजायची यावर दहा मिनिटं भांडण, शेवटी संध्याकाळी ६ ला शून्य धरायचं ठरतं. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत ‘ओरिजिन बदलला की काय होतं’ हे इतक्या लवकर कुणाला कळलेलं मी पाहिलं नव्हतं.

नीट सरासरी काढली तर वर्गाची झोपायची वेळ रात्री बाराच्या आसपास येते. मी विचारते, बाराला झोपणारे कोण आहेत? दोन हात वर येतात. हिस्टोग्राम काढल्यावर दिसतं ते, दोन उंचवटे: एक साडेदहाच्या जवळ, एक दीड वाजता. साडेदहावाले एसटीने येणारे, पहाटे पावणेपाचला उठणारे. दीडवाले हॉस्टेलचे. झोपेचे तास दोघांचेही सहाच्या आसपास, आणि १८ ते २५ वयाला शिफारस ७ ते ९ ची. सरासरी ज्या माणसाचं वर्णन करते तो माणूस वर्गात नाहीच. बायमोडल म्हणजे काय हे मी पूर्वी पुस्तकातल्या आकृतीवरून शिकवायचे.

तिसऱ्या लेक्चरला जिल्हा रुग्णालयाच्या सोशल वर्कर ताई आल्या होत्या. झोपण्याआधी मोबाइल लांब ठेवा, हे त्या बोलणार होत्या, तयारी तीच होती. ग्राफ बघितला, मग चौथा कॉलम बघितला, जो मी खरंतर नॉमिनल व्हेरिएबल (आकडा नसलेला, नुसत्या नावांचा) पाहिजे म्हणून घुसवला होता. उठण्याची कारणं: गजर, आई, बस, आणि सोळा वेळा ‘पाणी’. नळाला पाणी पहाटे येतं ते भरायला. ताईंनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, मला सांगा पाणी कोण भरतं तुमच्याकडे. वीस मिनिटांची पंचेचाळीस झाली. पाणी भरणं विरुद्ध मुलगा-मुलगी असं क्रॉसटॅब (आडवं-उभं कोष्टक) मुलांनी स्वतःहून मागितलं, त्यावरची काय-स्क्वेअर टेस्ट अजून शिकवायची होती तरी.

पायरी ५: लिहून घेणं आणि मार्क

एकच प्रश्न, १५० शब्द, मराठीत चालेल: तुमच्या आकड्यांत अपेक्षित नव्हतं असं काय दिसलं, आणि ते बदलणं तुमच्या हातात किती, दुसऱ्या कुणाच्या हातात किती? ‘तुम्हाला काय वाटतं’ असं मोघम विचारलंत तर चॅटजीपीटीचं गुळगुळीत पान येतं, स्वतःचा आकडा लिहायला लावला की बरंच कमी येतं.

दहा मार्कांत डायरी पूर्ण असण्याला २, आलेख आणि मापं यांना ५, लिखाण आकड्यांना धरून असेल तर ३. चार तास झोपणाऱ्याचा मार्क कापायचा नाही आणि आठ तासवाल्याला शाबासकी नाही. सवयीला मार्क दिलेत की पुढच्या वर्षीपासून सगळे कागदावर साडेसात तास झोपतात.

एका मुलीने लिहिलं होतं, ‘रविवारी मी आठ तास झोपले कारण रविवारी पाणी येत नाही.’ त्याखाली मी काय रिमार्क द्यायचा हे मला सुचेना, नुसती बरोबरची खूण केली. एरवी मी दोन ओळी लिहिते, वाचलंय हे कळण्यापुरत्या. सल्ला लिहीत नाही.

पायरी ६: कुणी काही सांगितलं तर

सांगतात. लिखाणात कमी, लेक्चरनंतर दारापाशी जास्त. तीन वाक्यं मी पाठ करून ठेवलीयेत: ‘सांगितलंस ते बरं केलंस. हे माझ्या एकटीच्या आवाक्यातलं नाही. आपण दोघं मिळून कुणाशी तरी बोलू या.’ कुणाला सांगणार नाही असं वचन द्यायचं नाही, कारण जिवाचा प्रश्न असेल तर सांगावं लागेल. जीव देण्याची भाषा असेल तर एकटं सोडायचं नाही, तिथेच बसून १४४१६ लावायचा, गरज पडली तर थेट रुग्णालय. ‘असं काही मनात येतं का’ हे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, हे ताईंनी सांगितल्यावर माझी भीती जरा गेली. बाकी आपण काउन्सेलर नाही. मी मध्यंतरी एका मुलाशी रोज तासभर बोलत होते, सहा आठवडे, त्याला फरक पडला नाही आणि मी आजारी पडले.

पायरी ७: कागदपत्रं

यासाठी बीओएसकडे (विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे) जायची गरज नाही, सिलॅबस बदलत नाहीये, उदाहरण बदलतंय. टीचिंग प्लॅनमध्ये युनिटसमोर एक ओळ, इंटरनलच्या असाइनमेंटमध्ये एक पर्याय, एचओडींच्या कानावर आधीच घालणं, एवढं पुरतं. सिलॅबस मागे पडेल म्हणणाऱ्यांना सांगते, मला निव्वळ तोटा एका लेक्चरचा होतो. अहवाल मागतात तेव्हा फोटो नसतो ही मात्र अडचण आहे, मी हिस्टोग्रामच जोडते. डेटा सेमिस्टर संपलं की डिलीट, आणि तो मुलांसमोर करते.

पायरी ८: आकडे वर न्या

टीवायच्या मुलांनी एकदा सगळ्या विषयांच्या इंटरनल आणि सबमिशनच्या तारखा एका चार्टवर टाकल्या. एकाच आठवड्यात पाच टेस्ट आणि दोन जर्नल. प्रत्येक सरांना वाटत होतं आपली एकच तर आहे. तो चार्ट स्टाफरूमच्या बोर्डावर लावला, कुणी काही बोललं नाही, दोन टेस्ट पुढे गेल्या. झोपेच्या ग्राफला जास्त वेळ लागला. साडेसातच्या प्रॅक्टिकल बॅचमध्ये एसटीवाली मुलं नकोत, ती बॅच हॉस्टेलला द्या, एवढीच मागणी, पण टाइमटेबल कमिटीत दोन महिने गेले. आता हॉस्टेलची पोरं माझ्यावर चिडून आहेत.

यंदा डायरी जुलैत नाही, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवलीय. जुलैत निम्म्या मुलांचे एसटीचे पासच निघालेले नसतात, आणि मग ‘कशामुळे उठलात’ या कॉलमचं काही खरं नसतं.